हिवरखेडच्या बोरांची तपासणी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी गावरान बोरं निवडली होती. वलगावच्या बांधावरची, मेळघाटाच्या पायथ्याची आणि आमच्या हिवरखेडची. कुठल्या बोरात क जीवनसत्त्व किती, एवढंच पाहायचं होतं. फोनवर ऐकूनच बाबा खूश झाले. स्वतः काट्यांत शिरून त्यांनी पिशवीभर बोरं तोडली आणि अमरावतीला येणाऱ्या एका ओळखीच्या मास्तरांबरोबर पाठवली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोरांच्या रसात थेंब थेंब निळं रसायन सोडायचं. जीवनसत्त्व असेपर्यंत रंग विरून जातो, संपलं की गुलाबी छटा टिकते. वलगावच्या रसाने नळीतलं बरंच रसायन पिऊन टाकलं. हिवरखेडचा रस मात्र थोड्याच थेंबांत गुलाबी झाला. पुन्हा केलं, तरी तेच.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या मातीतच काई कमी असंल मंग." त्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या मॅडमनी विचारलं, बोरं तोडली कधी? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाकी दोन्हीकडची बोरं मी तोडल्या दिवशीच तपासली होती. बाबांची पिशवी मात्र राजापेठेतल्या माझ्या खोलीच्या खिडकीत चार दिवस उन्हात पडून होती, आणि उन्हात क जीवनसत्त्व घटत जातं. मॅडम रागावल्या नाहीत. आधीचे आकडे खोडू नकोस, चूक लिहून ठेव आणि ताजी बोरं घेऊन पुन्हा कर, म्हणाल्या.

रविवारी बर्फात रसायनाची बाटली आणि काचेची नळी सांभाळत मी हिवरखेडला गेले. ओसरीवर टेबल मांडलं. बाबांनी बोरं आणली तशी लगेच चिरली, वाटली, गाळली. मग नळीची तोटी मी त्यांच्याच हातात दिली. जन्मभर वखर-डवरं धरलेली ती बोटं इतकी हळू फिरताना मी कधी पाहिली नव्हती. निळा थेंब पडायचा, विरायचा. पुष्कळ वेळाने गुलाबी रंग टिकला.

"आता?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. "लय वाढलं, बाबा. पण वलगावची अजून पुढंच हायेत."

"असू दे. खरं निंगालं ना," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, वलगावची बोरं चवीला कशी आहेत? मी ती खाल्लीच नव्हती.

"मंग तू काय तपासून राहिली वं माय?"

आई आतून हसली. उरलेली बोरं मीठ लावून आम्ही तिघांनी तिथेच संपवली. बाबांनी मला बांधावरची प्रत्येक बोरी दाखवली, कोणती आंबट, कोणती पिठूळ, कोणत्या बोरीवर पोपट आधी येतात. प्रबंधात यातलं काही लिहिता आलं नाही. परतीच्या एसटीत बसेपर्यंत ते बोलतच होते, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.