बडे बाबूंची बदली

लिहायला बसलोय, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. बाबांनी तेहतीस वर्षं कागद वाहिले, या टेबलावरून त्या टेबलावर, पण ते कागद दुसऱ्यांनी लिहिलेले. आई सहीपुरती शिकलेली. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मनापासून काही लिहितोय तेही पहिल्यांदाच. चुका होतील. मराठी इंदूरचं आहे, त्यात हिंदी शिरतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. ताईला नाही, माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मुलांना नाही. देवासमोरसुद्धा नाही — तिथे हात जोडतो आणि दुसरंच काहीतरी मागतो. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

एका मांजराची गोष्ट आहे. सुरुवातीला हसू येईल. हसा. आमच्याकडेही सगळे हसायचे.

बाबा एका सरकारी कचेरीत चपराशी होते. तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये उंदरांनी फायली कुरतडू नयेत म्हणून मांजरं राहू देत. त्यांना दूध घालणं कुणाच्याच ड्यूटीत नव्हतं, म्हणून ते बाबांकडे आलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला. बाबा घरी आले तेव्हा नारळ एका हातात, आणि शालीत गुंडाळलेला एक पिवळा बोका दुसऱ्या हातात.

आई दारातच म्हणाली, "लोक रिटायर होऊन घड्याळ आणतात. हे काय आणलंत?"

"हे बडे बाबू," बाबा म्हणाले. "यांचीही सेवा आजच संपली."

बडे बाबू म्हणजे कचेरीतला मुख्य कारकून. साहेब बदलतात, बडे बाबू तिथेच असतात. त्या बोक्याला ते नाव शोभायचं. फायलींवर वाढल्यामुळे त्याला कागदाखेरीज झोप येत नसे. गादी घातली तर हुंगून निघून जायचा, रद्दीच्या गठ्ठ्यावर मात्र असा बसायचा की जणू सही बाकी आहे.

बडा गणपतीच्या देवळाजवळच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. रोज साडेदहाला बाबा अंघोळ करून, भांग पाडून खुर्चीत बसायचे. बोका रात्रभर भटकून तेव्हाच परतायचा.

"या बडे बाबू. ही काय यायची वेळ झाली? अर्धी रजा मांडू?"

बोका जांभई द्यायचा.

"बघ, जबाब देतोय. युनियनचा माणूस आहे."

आत पोळ्या लाटता लाटता आई बोलायची, "तेहतीस वर्षं बाहेर साहेब सांभाळले, आता घरात पाळलाय. एक दिवस पोत्यात घालीन, तीन फेरे फिरवीन आणि नदीपार सोडून येईन. मग बसा सलाम ठोकत." आमच्यात मांजर मारत नाहीत. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणतात. नकोसं झालं तर डोळे झाकून, दिशा चुकवून, पाण्यापलीकडे सोडायचं. आई हे आठवड्यातून दोनदा तरी म्हणायची आणि उरलेल्या पोळीवर दूध ओतून त्याच्यापुढे ठेवायची.

मला तो बोका आवडत नसे. हे सरळ सांगतो. मी अभ्यासाला बसलो की तो माझ्या नोट्सवर येऊन बसायचा. हाकलला की नखं काढायचा. एकदा प्रॅक्टिकलची फाईल ओली करून ठेवली, ती मला पुन्हा लिहावी लागली. बाबा म्हणाले, "उंदरांपासून राखतोय तुझा अभ्यास. कागदाची कदर आहे त्याला." मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही — नाही, आठवतं. म्हणालो, "तुम्हाला काम नाही, मला आहे." बाबा उठले. बोक्याला उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुष्कळ दिवस मी स्वतःला हेच कारण देत आलो. फाईल. अभ्यास. परीक्षा. तुम्हालाही इथेच थांबवता आलं असतं. पण मग लिहायचं कशाला?

कॉलेजात पहिल्या वर्षी सगळे आपापल्या वडिलांचं सांगत होते. कुणाचे इंजिनिअर, कुणाचे वकील. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, "पापा सरकारी ऑफिस में थे। बड़े बाबू।" घरात रोज दहा वेळा ऐकलेला शब्द, जिभेवर आलाच. फार मोठं खोटं नव्हतं. साहेब म्हणालो नाही. तेवढी लाज होती, बघा.

तिसऱ्या वर्षी एक मित्र नोट्स घ्यायला अचानक घरी आला. त्याचे वडील मोठे अधिकारी, घर तुकोगंजच्या बंगल्यांत, पण मुलगा साधा. बाबा बनियनवर बसलेले, मांडीवर बोका. मी आतून येईपर्यंत बाबा उठून उभे राहिले होते. साहेबाच्या मुलापुढे उभं राहायची सवय, ती निवृत्त होत नाही. मित्रानं वाकून नमस्कार केला आणि सहज विचारलं, "अंकल, आप तो बड़े बाबू थे न?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग बोक्याचा पंजा धरून त्याच्याकडून सलाम करवला आणि हसत म्हणाले, "अरे भिया, बड़े बाबू तो ये हैं। हम तो इनके चपरासी।"

मित्र पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत होता, "यार, इसके पापा गज़ब आदमी हैं।" खोटं उघडं पडलं नाही. बाबांनी ते झाकलं होतं. खरं बोलून झाकलं होतं, आणि ते मला सोसवेना.

त्यांनी नंतर मला एक शब्दही विचारला नाही. विचारायला हवं होतं. थोबाडीत द्यायला हवी होती. ते रोजच्यासारखे साडेदहाला खुर्चीत बसले आणि म्हणाले, "या बडे बाबू." आता ते मला टोचायला म्हणत होते का? मला वाटतं, नव्हते म्हणत. पण मी प्रत्येक हाक माझ्या अंगावर घेत होतो. घरात ते नाव नको, एवढंच डोक्यात होतं. बापाला घराबाहेर काढता येत नाही, म्हणून मी बोक्याला काढलं.

चौथ्या दिवशी दुपारी आई मंदिरात गेली होती, बाबा पेन्शनच्या कामाला. मी आईची रेशनची जाड पिशवी घेतली. पिशवीत वर्तमानपत्र ठेवलं. तो स्वतःहून आत जाऊन बसला. ओढाताण झाली नाही, नखं लागली नाहीत. मी पिशवीचं तोंड बांधलं. अंगणात तीन फेरे फिरलो, आई म्हणायची तसे. इतका शिकलेला मी, मोजून तीन फिरलो. मग ई-रिक्षा केली, नदीचा पूल ओलांडला, आणि बरंच पुढे एका धान्याच्या गोदामामागे उतरलो. इथे उंदीर भरपूर, उपाशी राहणार नाही, असं स्वतःला सांगितलं.

पिशवी सोडली. तो पळाला नाही. वर्तमानपत्र बाहेर ओढून त्याच्यावर बसला. मला पिशवी हवी होती, आई विचारील म्हणून. तिची एक कड त्याच्याखाली अडकली होती. मी हिसका मारला. तो कलंडला, उठला आणि पुन्हा त्याच कागदावर बसला. मी मागे न बघता निघालो. खरं सांगायचं तर एकदा बघितलं.

घरी आल्यावर पिशवी धुतली आणि दोरीवर टाकली. आईची पिशवी मी आजवर कधी धुतली नव्हती. ती धुतलेली कुणाच्या नजरेत येईल हे डोक्यात आलंच नाही.

पुढचे आठ दिवस बाबा वाटीवर चमचा वाजवत गल्ल्या फिरले. पानवाला विचारायचा, "क्यों दादा, बड़े बाबू का ट्रांसफर हो गया क्या?" सुरुवातीला बाबाही हसून म्हणायचे, "आर्डर नहीं आया अभी।" मग हसेनासे झाले. एका संध्याकाळी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "तू पढालिखा आहेस. नोटीस नीट लिही." मी लिहिली. रंग, वय, खूण, सगळं सुवाच्य. फोटोकॉपी काढल्या, बाबांबरोबर खांबाखांबावर चिकटवल्या. आमच्या मोहल्ल्यात, बडा गणपतीच्या चौकापर्यंत. पुलापलीकडे एकही नाही. "इतक्या लांब कशाला जाईल?" असं मीच म्हणालो.

मग बाबांना पिशवी दिसली. शिवणीत पिवळे केस अडकले होते.

"ही कुणी धुतली?"

"मी नाही," आई म्हणाली.

"पोत्यात घालीन, नदीपार सोडीन, कोण म्हणत होतं?"

"म्हणत होते. जो करतो तो म्हणत नसतो."

"शपथ घे."

"मांजरासाठी शपथ घेऊ? एवढंच उरलंय माझं या घरात?" आईनं पिशवी त्यांच्या हातातून ओढली आणि चुलीजवळ फेकली. मी दारात उभा होतो. दोघांच्या मधोमध, अगदी तीन पावलांवर. मला फक्त एक शब्द बोलायचा होता — 'मी'. त्याला किती वेळ लागतो? मी चप्पल घातली आणि लायब्ररीत गेलो.

त्या दिवसापासून बाबा आईशी बोलले नाहीत. दीड वर्ष. तुम्हाला खोटं वाटेल, एका बोक्यापायी दीड वर्ष. पण ते बोक्यापायी नव्हतं. निवृत्त झाल्यावर माणसाकडे काय उरतं? त्यांच्याकडे तेवढीच एक कचेरी उरली होती, आणि ती बायकोनं बंद केली असं त्यांना वाटत होतं. समोर आई बसलेली असताना ते मला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, पाणी संपलंय." आई मला सांगायची, "त्यांना सांग, हात आहेत." सकाळी ते घरचे पोहे सोडून कोपऱ्यावर जाऊन खायचे, सगळ्या गल्लीला दिसेल असे. आईही मग चिडली. त्यांचा चहा कपात ओतून खिडकीत ठेवायची, निवेपर्यंत. एका हळदीकुंकवाला कुणीतरी तिला म्हणालं, "काय हो, काशीला कधी जाताय?" ती वाण न घेताच परत आली आणि परातीवर राग काढत भांडी घासत बसली. सगळं मी ऐकत होतो. पुस्तक उघडं ठेवून ऐकत होतो.

शेवटी मीच निघालो. अभ्यास होत नाही म्हणून भंवरकुआंला, कोचिंगवाल्या मुलांच्या वस्तीत, तीन मुलांत एक खोली घेतली. आई डबा भरून देताना म्हणाली, "तू सुटलास." त्यात टोमणा होता की काळजी, कळलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

किती वेळा ठरवलं, रविवारी घरी जाईन आणि सांगेन. गेलो. जेवलो. दोघांचे निरोप एकमेकांना पोचवले. परत आलो.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. ताई माझ्याहून मोठी, देवासला असते, सणाला चार दिवस माहेरी आली होती. आवाजात आनंद मावत नव्हता.

"छोटू, ऐक. आई-बाबा बोलायला लागले रे!"

"कसे काय?"

"आईनं काल सांगून टाकलं. म्हणाली, हो, मीच सोडलं होतं, नदीपार, झालं तुमचं समाधान? बाबा म्हणाले, एवढं बोलायला दीड वर्ष लावलंस? आणि थोड्या वेळानं तिलाच म्हणाले, चहा टाक, साखर कमी. तिलाच म्हणाले रे, सरळ! मी तर रडायलाच लागले."

मी म्हणालो, "बरं झालं."

"पण खरंच, आईनं असं का केलं असेल? एकटी कशी गेली असेल एवढं घेऊन? तुला काही—" ताई थांबली. "जाऊ दे. तिनं मला बजावलंय, छोटूला यातलं काही विचारू नकोस, त्याची परीक्षा चालू आहे."

माझी परीक्षा आठवड्यापूर्वीच संपली होती. शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर मी पहिला फोन आईलाच केला होता.