मटिल्डा, वसुंधरा आणि इंदू

प्रिय सानिका आणि रोहन,

अमळनेरच्या फलाटावर सुरतेची गाडी उभी होती. आदल्या दिवशी लग्न झालेले. सामान बाकाखाली नीट लावून मी खिडकीशी बसले, तेवढ्यात माझ्या आईने खालून विचारले, "इंदू, पानी लिधं का व?"

शेजारी बसलेल्या सासूबाई हसत म्हणाल्या, "विहीणबाई, आता वसुंधरा म्हणा. तुमच्यासमोरच लिहिलं ना तांदळात?"

आईही हसली. गाडी सुटेपर्यंत मग तिने मला हाक मारली नाही.

ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहितो, हे तुम्ही पाहिलेले नाही. तुमच्या आजोबांचे अक्षर सुरेख होते. बायका वाकून वाकून बघत होत्या. मलाही ते नाव भारदस्त वाटले. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला असणार.

सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या आमच्या पहिल्या घरात मी 'वसुबेन' झाले. शाळेत इतिहास शिकवू लागले, तेव्हा 'मॅडम'. तुमची आई गल्लीत गुजराती बोलत वाढली. घरातली अहिराणी कधी बंद पडली, कळलेच नाही. आई मात्र दर उन्हाळ्यात यायची आणि तीच भाषा बोलायची. "जेवनी का व?" "आयक व, पोरी." मला वाटे, म्हातारपणी नुसते 'व' म्हणायची सवयच लागली असेल. ती गेल्यावर एकदा कपाट आवरताना लक्षात आले, की त्या फलाटानंतर तिने मला नावाने कधी हाकच मारली नव्हती. जुने नाव घ्यायची सोय नव्हती आणि नवे तिच्या तोंडात बसले नाही. इंदू हे नाव तिने स्वतः निवडले होते. त्या घरात दुसरे काही निवडायला तिला मिळाले नव्हते. "आई, तू इंदूच म्हण," एवढे मी एकदा म्हणायला हवे होते. राहून गेले.

परवा सानिका, तू व्हिडिओवर सांगितलेस, की मुलगी होणार आहे आणि फेलिक्सच्या घरची, म्हणजे तुझ्या सासरची माणसे त्याच्या आजीचे नाव ठेवा म्हणतात, मटिल्डा. "आजी, फार जुनाट आहे ना गं?"

मी लगेच शिकवायला बसले. अगं, हे राण्यांचे नाव! इंग्लंडच्या राजाशी लग्न करून एक स्कॉटिश राजकन्या मटिल्डा झाली. तिच्या मुलीचे नाव मटिल्डा, त्या मुलीच्या नातीचेही मटिल्डा, आणि त्या दोघीही लहान वयात जर्मनीत दिल्या गेल्या. माणसे परक्या मुलखात गेली, पण नाव आजीकडून नातीकडे पोचत राहिले.

"झाली म्हणजे?" तू विचारलेस. "आधी कोण होती?"

आधी तिचे बारशाचे नाव वेगळे होते. सासरच्या दरबाराला ते परके वाटले असावे. इतकी वर्षे हा धडा मी शिकवला. वर्गात हे कोणी विचारले नाही, आणि माझ्याही मनात आले नाही.

मग तू म्हणालीस, "मटिल्डा वसुंधरा ठेवू? दुसरं नाव तुझं."

मागून तुझी आई म्हणाली, "अगं, जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत आपल्यात."

तेव्हा मी नेट गेल्याचे निमित्त करून फोन ठेवला. उत्तर आज लिहिते आहे.

तुझी आई बरोबर बोलली. वसुंधरा ठेवू नका. ती अजून सुरतेत आहे, सकाळी भाजी घेते, बेन म्हटले की वळून बघते. अमळनेरला आता आपले कोणी नाही आणि तिथे जाऊन मला काही शोधायचेही नाही. पण त्या घरातली एक वस्तू माझ्याकडे राहून गेली आहे, त्या फलाटानंतर कोणी न वापरलेली.

इंदू ठेवा. या नावाचे कोणी आता उरलेले नाही.

आणि तिला मोठ्याने हाक मारा. उद्या तिच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा.

तुमची आजी