डोळा की हवा

बाबांचा उजवा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेला होता. आता डाव्याची पाळी होती, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं. त्याआधी बाबांना शेपटीचा तारा बघायचा होता. शहाऐंशीचा जानेवारी होता तो. गावभर त्याच ताऱ्याची चर्चा.

"ऑपरेशन झाल्यावर दिसन का नाही, कोणाले माहीत," ते म्हणाले.

मी सौंसरला शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेची दुर्बीण मागून घरी आणली आणि नेमकं आभाळ भरून आलं. ढग हटेनात. धूमकेतू रोज सूर्याकडे सरकत होता. लवकरच तो संधिप्रकाशात बुडणार होता. वर्गात शिकवतानाही माझी नजर खिडकीबाहेर जायची. संध्याकाळ झाली की बाबा अंगणात जाऊन उभे राहत.

रविवारी सकाळी ढग फाटले. दिवसभर कडक ऊन पडलं. दिवस मावळताना आई, बाबा आणि मी संत्र्याच्या बगीच्यामागच्या टेकडीवर गेलो. धूमकेतू गुरूच्या जवळपास होता, म्हणून मी आधी गुरूवर दुर्बीण लावली. बाबांनी डोळा टेकवला. मग मागे सरकून दगडावर बसले.

"काय झालं, बाबा?"

"हा डोळाबी गेला, पोरी. समदं हलून राहिलं."

मी वाकून पाहिलं. गुरू खरंच उकळत्या पाण्यात टाकल्यासारखा थरथरत होता. तापलेल्या खडकांची ऊब वर चढत होती, तिनेच तो हलत होता.

"डोळा नाही बाबा, हवा हलून राहिली. मलेबी तसंच दिसते."

"माह्यं मन राखून राहिली तू."

उजेड विझत होता, गुरू खाली उतरत होता. आई शालीत गुरफटून बसली होती. तिला काही न सांगता मी दुर्बिणीशी नेलं.

"अवं माय!" ती म्हणाली. "हे तं लटलट कापून राहिलं. दुर्बीण बिघडली का तुही?"

बाबांचं मन राखायला आई आयुष्यात कधी काही बोलली नव्हती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच उठले.

आम्ही थांबलो. वारा गार झाला, थरथर जराशी निवली. क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात शिरायच्या आत मला धूमकेतू सापडला. मी बाजूला झाले.

"दिसला," बाबा म्हणाले. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की काय, कळेना.

"कसा आहे?"

"पिंजलेल्या कापसावानी. अन् शेपूट खाली लोंबून राहिलं."

त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसे. आकाशात शेपूट वर होतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांना तो खरंच दिसला होता.

सोमवारी पहाटेच्या गाडीत बाबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. मला मात्र नागपूर येईपर्यंत डोळा लागला नाही. ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा त्यांनी आधी आईला ओळखलं, आणि म्हणाले, "केस किती पिकले तुहे."