सुईताईंच्या हाताचा गुण

सुईताईंच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात शिरलं की टेबलावर एक पांढरी बशी दिसते. दम्याच्या पेशंटनं आधी आपला पंप त्या बशीत ठेवायचा, मगच पलंगावर पडायचं. पंप नाही तर सुई नाही. या एका बाबतीत बाई इतक्या हट्टी, की सख्ख्या नणंदेलाही त्यांनी एकदा दारातून परत पाठवलं होतं. ती अजून फुगून बसली आहे.

एरवी बाई शांत. तीन बोटं मनगटावर टेकवून नाडी बघत बसतील, जीभ बाहेर काढायला लावतील, तिच्यावरचा पांढरा थर बघून "कफ साठलाय" म्हणतील. श्वास घेताना अडतं की सोडताना, हे दहा वेळा विचारतील. चिनी वैद्यकात श्वास खाली उतरवणं हे फुफ्फुसाचं काम, आणि दुःखाचं घरही तिथंच, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. पहिलं त्या सगळ्यांना सांगतात. दुसऱ्याचं नाव काढत नाहीत.

त्या सकाळी बेकरीवाला आला तो हसतच. वर्षानुवर्षं छातीत पीठ जाऊन त्याच्या नाकी नऊ आले होते. दोन महिने आठवड्यातून दोनदा सुया घेतल्यावर आता तो दवाखान्याचा जिना न थांबता चढत होता.

"ताई, आज बशी रिकामीच राहू दे," शर्ट काढत तो म्हणाला. "पंप दिला फेकून! पंधरा दिवस हातसुद्धा लावला नव्हता. तुमच्या हाताला गुण आहे, खरंच सांगतो."

दुसरी कुणी असती तर हरभऱ्याच्या झाडावर चढली असती. ताईंनी हातातली सुई पाकिटासकट खाली ठेवली.

"शर्ट घाला."

"अहो, पण मी बरा झालोय!"

"म्हणूनच घाला."

बेकरीवाला भडकला. भट्टी दुसऱ्याच्या हवाली करून आलोय, चांगलं बोललो तर हे ऐकून घ्यायचं, वगैरे वगैरे. ताईंनी त्याला बोलू दिलं. मग सुयांच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि एक जुना निळा पंप त्याच्या तळहातावर ठेवला. उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा अजून दिसत होता. एकशे त्रेसष्ट.

"आमच्या ह्यांचा," त्या म्हणाल्या. "सुतार होते. भुशानं दमा लागलेला. मी नुकतीच शिकून आले होते, पहिले पेशंट तेच. गळ्याच्या हाडाखाली, मनगटाच्या कडेला, पाठीत मणक्याच्या दोन्ही बाजूंना, अशा सुया लावायचे. महिन्याभरात शीळ घालत रंधा मारायला लागले. भेटेल त्याला सांगायचे, बायकोच्या हाताला गुण आहे."

"मग?"

"मग गुपचूप पंप सोडला. माझ्या वाढदिवसाला सांगणार होते, बघ, तुझ्यामुळे सुटला म्हणून. नणंदेला तेवढं माहीत होतं. तोवर मला कळू नये म्हणून माझ्याच खणात, सुयांच्या पाकिटांखाली लपवून ठेवला. वाढदिवसाला आठ दिवस होते. कामावर दम्याचा अटॅक आला आणि लोक त्यांचे खिसे शोधत राहिले."

बेकरीवाल्यानं शर्टाची बटणं लावली, एक चुकलं, ते सोडून पुन्हा लावलं. बारा वर्षांत ताईंनी हे कुठल्याही पेशंटला सांगितलं नव्हतं. आताही त्या रडल्या नाहीत. एक लांब श्वास घेतला, आणि तो खाली उतरायला बराच वेळ लागला.

"म्हणजे सुयांचा त्यांना काहीच उपयोग झाला नव्हता?" त्यानं हळूच विचारलं.

"झाला होता ना. त्यांना बरं वाटत होतं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर गेले."

त्यानं तो पंप दोन्ही हातांनी त्यांना परत दिला आणि चपला घातल्या.

"कोपऱ्यावरचं मेडिकल उघडलं असेल का हो?"

"उघडलं असेल. जा, मी थांबते."