बंगल्यावरची आया

माधवनगरच्या गिरणीत विलायतेहून आलेल्या इंजिनियर साहेबाच्या मडमेला मुलासाठी आया हवी होती. मला थोडं इंग्रजी येई, म्हणून शिराळ्याकडची ही बाई मीच तिला बघून दिली. तिचं बोलणं अगदी हळू. कावळा हाकलायचा तरी "जा रं बाबा, दुसरीकडं बघ," म्हणायची. मुलाला कडेवर घेऊन दिवसभर त्याच्याशी काहीबाही बोलत असायची.

मडम आजारी पडली आणि हवापालटासाठी सहा-सात महिने महाबळेश्वरला जाऊन राहिली. ती परतली तेव्हा मी बंगल्यावरच होते. तिनं हात पुढे केले, तर पोरानं आयाच्या लुगड्यात तोंड लपवलं.

"आई, ही नको!"

'आई' एवढा शब्द मडमेला कळत होता. ती पांढरीफटक पडली. आयानं पोराला पुढं ओढलं आणि त्याच्या पाठीत जोराचा धपाटा घातला. साहेबाच्या पोरावर हात!

"ती तुजी आई हाय. जा तिच्याकडं!"

पोर रडत मडमेकडे धावलं. त्याला छातीशी धरून ती माझ्यावर ओरडली, "हिला आत्ताच्या आत्ता घालवा!"

मी समजावून सांगणार, तोच आयानं माझा हात दाबला.

"नगा सांगू, बाई. मी हितं ऱ्हायले तर त्ये माज्याकडंच येनार."

ती फाटकाबाहेर पडली. पोर मडमेच्या खांद्यावरून हाका मारत होतं, पण तिनं वळून पाहिलं नाही.

"काय म्हणाली ती?" मडमेनं विचारलं.

मी सांगितलं नाही.