दगडीचाचा आणि दुसरं नाव

दगडीचाचा चित्र बघतच नसत. स्पर्धेला आलेला कागद हाती पडला की चित्र राहायचं बाजूला आणि भिंग जायचं कोऱ्या कोपऱ्यावर. "चित्र काय, समदेच बघतात. पांढरं बघा की सर!" सोलापुरातल्या आमच्या शिळाछाप प्रतिष्ठानचे ते परीक्षक, मी चिटणीस. चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली, पण कोऱ्या जागेलाही गुण द्यायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, त्यावरून ओलं फडकं फिरवायचं, मग शाईचा रूळ. ओल्या जागी शाई धरत नाही. पाण्याचा हात चुकला की कोरी जागा काळवंडते. म्हणजे रूळ एकाचा, पाणी दुसऱ्याचं. चादरींची लेबलं आणि उर्दू लग्नपत्रिका अशाच छापण्यात चाचांचा जन्म गेला. कुणाच्या लग्नाला गेले तरी बिर्याणीच्या आधी पत्रिकेचा कोपरा तपासत.

पहिलं पारितोषिक मिळालं जेऊरच्या एका सुनेला. मंचावर ती हात पुढे करून उभी, आणि चाचा मानपत्र देईनातच. माईकवरून विचारलं, "पाणी कोण मारलं?"

मागच्या रांगेतून तिच्या सासूबाई ओरडल्या, "मी हाय की! पर माझं काय, निस्तं फडकं फिरवलं."

"त्येच तर काम हाय. या वर."

म्हातारी पदर सावरत आली. टाळ्या सुनेपेक्षा तिलाच जास्त पडल्या. माझ्या सुबक अक्षरातल्या मानपत्रावर चाचांनी तिथल्या तिथे दुसरं नाव घुसडायला लावलं. मी भडकलो होतो, खोटं कशाला सांगू?

पुढच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, कलावंत एकच असतो. मीही मान डोलावली. चाचा उठून चपला घालायला लागले. "एकच नाव ठिवायचं तर परीक्षक दुसरा बघा." दगडाची जाण असलेला दुसरा माणूस आणायचा कुठून? निमूटपणे नियम लिहिला: नावं दोन. तरी पुढे दरवर्षी मी कुरकुर करायचो आणि चाचा मिशीत हसायचे.

गेल्या वर्षी चाचा गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. पारितोषिकाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा विचारायला मी घरी गेलो. चाचींनी चहा ठेवला, ठरावाचा कागद दोनदा वाचला.

"द्या की. पर एकटं नाव बगून त्ये कावतील."

"का बरं?"

"चाळीस वर्सं पाणी मीच मारलं न्हवं?"

मी कप खाली ठेवला. चाचांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ठरावात दुसरं नाव घालायला कागद पुढे ओढला आणि हात थांबला. इतकी वर्षं या घरात येत होतो, पण चाचींचं नाव मला माहीत नव्हतं. लाज वाटली. तरी विचारलं.

 चाचींनी पदरानं डोळे टिपले, मग त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "लिवा. शरीफाबी."