बल्लीचा डावा डोळा

पुण्याला नोकरी लागलेल्या मैत्रिणीनं तिचा पाळलेला लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची परदेशी पाल, माझ्या गळ्यात मारला, तेव्हा नायनांनी कपाळाला हात लावला. नायना म्हणजे माझे वडील. आमच्या घरी तेलुगू बोलतात.

"भिंतीवरची पाल झाडूनं हाकलायची, आन् ही काचेत ठिवून पोसायची?"

तेलुगूत पालीला बल्ली म्हणतात. तेच त्याचं नाव पडलं.

नायनांचा राग फार टिकत नाही. ते टॉवेलच्या मागावर काम करतात. एक दिवस कारखान्यातून कोरा टर्किश टॉवेल आणून त्यांनी बल्लीच्या पेटीत अंथरला. "सोलापुरात राहायचं आन् कागदावर झोपायचं? लोक काय म्हणतील?" मलाही पटलं. बल्ली तर त्यावर लग्नघरातल्या पाहुण्यासारखा पसरायचा.

मग उन्हाळा तापला. बल्लीनं कात टाकली आणि त्याचा डावा डोळा मिटला तो उघडेचना. समोर किडा वळवळत असला तरी तो भलतीकडेच तोंड मारायचा. पुढं तेही सोडलं. त्याची जाडजूड शेपटी बारीक व्हायला लागली आणि मला रडू यायला लागलं. पालीसाठी रडते म्हणून नायना हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत, त्यांनी रिक्षा बोलावली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मी म्हशी आणि कुत्री बघतो. असला पेशंट पहिलाच." पण त्यांनी पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, भिंग घेतलं आणि पापणी सलाईननं भिजवत भिजवत आत अडकलेली कात सोडवली. तिच्याबरोबर एक पांढरा तंतू बाहेर आला. नायनांनी तो बोटावर घेतला.

"आमचाच हाय," ते म्हणाले.

कोरड्या हवेनं कात चिकटली, तंतूनं डोळा खरवडला. जखम भरली तर दिसेल, नाहीतर डोळा गेला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

परतताना नायना तो तंतू बोटावर फिरवत होते. मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम न्हाय की. पण केलं मीच."

घरी येताच टॉवेल त्यांनी काढला. टिश्यूपेपर अंथरला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला दार पाडून बल्लीला ओलसर गुहा करून दिली. डोळ्यात थेंब घालायचं काम तर त्यांनी माझ्याकडून हिसकावूनच घेतलं. आयुष्यभर तुटलेले धागे सांधलेली ती बोटं पालीच्या डोक्याशी इतकी हलकी व्हायची की मी बघत बसायची.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पापणी किलकिली झाली होती. बल्लीनं जीभ काढली आणि स्वतःचाच डोळा चाटून घेतला.

"बघ," नायना म्हणाले, "आमच्या डोळ्यात कापूस गेला तर आमी दुसऱ्याला हाक मारतो. ह्यो आपला आपणच पुसतोय."

मग त्यानं किडा नेमका टिपला. मला इतका आनंद झाला की मी नायनांचा हातच घट्ट धरला.

कारखान्यातून येताना त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस असतो. मी लहान असताना ते तसेच मला उचलून घ्यायचे आणि माझे केस पांढरे व्हायचे. आता ते दारातच सदरा झटकतात, तोंड धुतात, मग पेटीपाशी जातात. काल मी चहा घेऊन समोर उभी राहिले, तर म्हणाले, "थांब की. आदी त्याचा डोळा बघू दे."